वॅगन दौंडला, व्हॉल्व्ह इथे घट्ट

मला सांगा, भरवसा कोणावर ठेवायचा? नाकावर, कागदावर, की माणसावर?

माझं दुकान बुधवार पेठेत. बर्फाच्या कारखान्यांना अमोनिया पुरवतो. दहावी नापास, केमिस्ट्री शिकलो ती ड्रमवरची लेबलं वाचून. माल रेल्वेच्या टँक वॅगनमधून शहराबाहेर आमच्या सायडिंगला, म्हणजे माल उतरवायच्या रुळांवर, येतो. कुंपणापलीकडे वस्ती आहे, म्हणून रेल्वेकडून तपासणीला साळवे मॅडम येतात. विश्रांतवाडीहून, स्कूटरवर! दर खेपेला एक किस्सा ठेवून जातात. गोदामात आता जागा उरली नाही, म्हणून थोडे उतरवतो.

*

पहिल्याच भेटीत मॅडमनी चेकलिस्ट मागितली. आमचे फोरमन शिंदे कामाला वाघ. त्यांनी ऐटीत पुढे केली. सगळ्या रकान्यांत टिक, खाली सही.

मॅडमनी रुळांकडे पाहिलं. रूळ रिकामे.

"वॅगन कुठे आहे?"

"दौंडला हाय, मॅडम. दुपारपर्यंत येतीय."

"वा! वॅगन दौंडला, आणि व्हॉल्व्ह इथे घट्ट!"

"दर टायमाला घट्टच असतोय की," शिंदे म्हणाले.

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी कोरी चेकलिस्ट दिली आणि वॅगन येईपर्यंत उन्हात उभ्या राहिल्या. मग आम्ही तरी सावलीत कसे बसणार?

*

गळती शोधायचं यंत्र आमच्याकडे होतं. कपाटात, कुलपात. शिंद्यांचं नाक त्याहून तेज, असा सगळ्या यार्डाचा विश्वास. माझाही.

एकदा शिंदे वॅगनभोवती चक्कर मारून आले. "कायबी वास न्हाय, मॅडम."

मॅडमचे डोळे चुरचुरायला लागले होते. माझे तर घळघळा वाहत होते! शिंदे मात्र प्रसन्न. मग त्यांनी रुमाल काढला आणि लागोपाठ चार शिंका दिल्या. तीन दिवसांची सर्दी!

व्हॉल्व्ह आवळून झाल्यावर मॅडम मला म्हणाल्या, "शेठ, नाकाला रजा लागते. यंत्राला लागत नाही. कपाटाची किल्ली कुठे आहे?"

किल्ली माझ्या घरी होती. नारायण पेठेत!

*

दसऱ्याला आम्ही वॅगनची पूजा करतो. कुंकू, नारळ, झेंडूचा हार. एका वर्षी हार एवढा थोरला आणला की धोक्याची पाटी पार झाकली गेली.

मॅडमनी आधी प्रसाद घेतला. तो नीट खाल्ला. मग म्हणाल्या, "आत काय आहे ते देवाला माहीत आहे. बंबवाल्यांनाही कळू द्याल का?"

हार लगेच खाली, वॅगनच्या टोकाच्या बफरवर गेला.

*

आणि ही मे महिन्यातली भर दुपार.

वॅगनच्या माथ्यावरचा व्हॉल्व्ह फुसफुसायला लागला. वारा वस्तीकडे. नशिबानं मॅडम यार्डातच होत्या. पाण्याचे फवारे सुरू झाले, बंब निघाला, वस्ती रिकामी होऊ लागली. पण म्हातारी माणसं अजून घरातच. शिंदे मास्क लावून, पाठीला हवेचा सिलिंडर बांधून वर चढले. हवा वीस मिनिटांची.

"अठरा झाली की खाली! काम अर्धं असलं तरी," मॅडमनी त्यांना बजावलं होतं. मला म्हणाल्या, "शेठ, वही घ्या. मिनिटं तुम्ही मोजा."

मी मोजत राहिलो.

"किती?" मॅडमची नजर वर होती.

घड्याळात अठरा झाली होती. वरून शिंद्यांनी दोन बोटं दाखवली. अजून दोनच मिनिटं. पाना बसला होता, व्हॉल्व्ह फिरू लागला होता. वारा अजून वस्तीकडेच.

मी म्हणालो, "सोळा." वहीतही सोळा लिहिलं.

मॅडमनी मान वळवली. घड्याळाकडे नाही, माझ्या तोंडाकडे पाहिलं. आणि शिट्टी फुंकली!

शिंदे हात झटकत उतरले. खालच्या पायरीवर त्यांचे गुडघेच दुमडले. मॅडमनी मास्क ओढून काढला. तेवढ्यात बंब आला, त्यातला एक जण नवा सिलिंडर बांधून वर गेला आणि त्यानं व्हॉल्व्ह बंद केला. वस्तीत कोणाला काही झालं नाही.

शिंदे बाकावर पाणी पीत बसले होते. माझ्याकडे बघत नव्हते. मॅडमनी वही माझ्यासमोर ठेवली. मी सोळा खोडायला पेन काढलं, तर त्यांनी वहीवर हात ठेवला.

"अहं. सोळा राहू द्या. खाली अठरा लिहा आणि दोन्हींपुढे सही करा. आणि शेठ, एक विनंती आहे. इथून पुढे हिशेब खरा ठेवा."