पाहुण्यांसमोरची साक्ष

“उभ्या राहा. आईच्या दारूचं सांगा,” मॅडम म्हणाल्या.

पुण्याहून पाहुणे आले होते. चर्चच्या मागच्या खोलीत दर रविवारी, उपासना झाल्यावर, आमचा मोठ्या माणसांचा बायबलवर्ग भरतो. मॅडम शिकवतात. त्यांचं घराणं आज्यापासून ख्रिस्ती. सगळे शिकलेले, नोकरीतले. मी आहुप्याकडच्या डोंगरातली. जुन्नरात लोकांच्या घरी पोळ्या लाटते. बाप्तिस्मा अलीकडचा.

एकदा वर्गात प्रार्थना करताना आईचं माझ्याच तोंडून निघून गेलं. बाप गेल्यावर ती पिऊन बांधावर पडायची, आम्ही भावंडं उपाशी झोपायचो. रडू आलं म्हणून बोलले. मॅडमना ते फार आवडलं. तेव्हापासून पाहुणे आले की साक्ष द्यायला, म्हणजे देवानं मला कशातून बाहेर काढलं ते सांगायला, मला उठवायचं. पाहुण्यांचे डोळे भरायचे, मग चहा-बिस्किटं. माझं रडणं कधीच आटलं. शाळेतली कविता म्हणावी तसं म्हणायचे आणि खाली बसायचे. काहीच वाटायचं नाही.

बायबलातल्या हागार या दासीचा धडा चालला होता तेव्हा मी विचारलं, “त्या बाईला मालकानं लेकरासकट हाकलून दिलं, ते देवाला चाललं कसं?”

मॅडम हसल्या. “तुम्ही आपली साक्षच द्या. ती छान देता.”

वर्गही हसला. त्यानंतर मी वर्गात काही विचारलंच नाही.

पुण्याचे पाहुणे आले त्या रविवारी आई आली होती. आदल्या दिवशी डोळा दाखवायला डोंगरातून उतरलेली. घरी एकटी कशी ठेवायची, म्हणून सोबत आणली. शेवटच्या खुर्चीवर बसली होती, डोक्यावर पदर. मॅडमना ठाऊक नव्हतं.

मी उभी राहिले. आई कौतुकानं बघत होती. लेक शिकल्यासवरल्या माणसांत बोलणार!

“न्हाई सांगणार,” मी म्हणाले.

“अहो, लाजता काय? देवाच्या गौरवासाठी सांगायचं.”

“माजी आई हितंच बसलीया. तिच्या तोंडावर सांगू?”

सगळ्या माना मागे वळल्या. आईनं पदर आणखी पुढं ओढला. मॅडमनी पाहुण्यांची माफी मागितली. आईची नाही.

बाहेर आल्यावर आईनं विचारलं, “आदीबी सांगितलंयस व्हय गं?”

“व्हय.”

ती तडक चालत जाऊन एसटीत बसली. मला रडू आलं नाही.

मी पुन्हा येणार नाही, असं मॅडमना वाटलं होतं. मी जाते. पहिल्या रांगेत बसते, बायबल उघडते, जे पटत नाही ते विचारते. कुणी हसलं तर पुन्हा विचारते. पाहुणे आले तरी जागची उठत नाही. माझ्या घरचं दुःख त्या खोलीत आता कुणाला ऐकायला मिळणार नाही. मेले तरी नाही.