थांब, पायतो

अमरावतीला विद्यापीठात त्याचं अन् माझं टेबल शेजारी होतं. तो अकोल्याचा, जीवसंख्याशास्त्रात पीएच.डी. करणारा. काहीही विचारलं की आधी म्हणायचा, "थांब, पायतो." चहाला येतो का, यालाही तेच उत्तर. आम्ही त्याची नक्कल करायचो.

पातूरकडच्या बायांचा रक्तक्षय हा त्याचा विषय. लोहाच्या गोळ्यांनी रक्त वाढतं, असं निघायला हवं होतं. पण कित्येकींचं वाढलंच नव्हतं. एका दुपारी त्याचे मार्गदर्शक टेबलाशी येऊन म्हणाले, "एवढ्या बाया गाळून टाक ना बावा. निकाल जुळन, अन् उन्हाळ्यात पदवी."

आता हा "थांबा, पायतो" म्हणणार, असं मला वाटलं.

"नाई सर," तो लगेच म्हणाला. "मी त्याईच्या घरी चहा पेलो. कशा गाळू?"

आम्ही काही मित्र विज्ञाननिष्ठेवर पत्रकं काढायचो; त्यांत सत्यावर इतकं साधं वाक्य कधी आलं नव्हतं.

सरांनी प्रबंधावरची सही अडवून धरली. परवा अकोल्याच्या बसस्टँडवर तो भेटला. "झाला का रे डॉक्टर?" मी विचारलं.

संत्र्याची फाक माझ्या हातावर ठेवत तो हसला. "थांब, पायतो."

"अन् त्या बाया?"

"हायेत ना," तो म्हणाला. "सगळ्या हायेत."