बर्फावर गेलेलं लेकरू

पोरगं पहिल्यांदा दक्षिण ध्रुवाकडं निघालं, तेव्हा मी त्याच्याबरोबर ओले सांडगे दिले. आभाळ भरून आलेलं, सांडगे काही केल्या वाळेनात. पोरगंच म्हणालं होतं, तिकडं उन्हाळ्यात सूर्य मावळतच नाही. मग एवढं ऊन वाया कशाला घालवायचं? डबा बांधला नि बजावलं, "तिथं अंगणात टाक, दोन दिसांत खडखडीत होतील." बर्फालाही अंगण असतं, अशी माझी खात्री. जहाजावरच बुरशी आली. समुद्रात फेकले, ते मासळीनं खाल्ले म्हणे.

तशी मी आधीपासूनच शहाणी. सिद्धेश्वर धरणाच्या पाण्यात पोहायला शिकलेलं पोर नौदलात अधिकारी झालं, तेव्हा मी आमच्या खेड्याच्या, गोरेगावच्या बाजारभर सांगत फिरले. जहाज म्हणजे वसमतची एसटी, सकाळी गेली की संध्याकाळी येणारच, असं मनात धरलेलं. पोर वर्षानुवर्षं पाण्यावर राहिलं आणि मग सव्वा वर्ष बर्फावर. तिथल्या हिवाळ्यात सूर्य उगवतच नाही हे कळल्यावर मला दारातलं ऊनही नकोसं झालं.

त्याच्या बापाला मात्र कशाचं काही नाही. मी डोळ्याला पदर लावला की म्हणायचे, "सरकारचं लेकरू हाय ते. तू काहून रडून राहिली?"

परतल्यावर किनाऱ्यावरची नोकरी मागून घेईन, सणावाराला घरी येत जाईन, असं त्यानं कबूल केलं होतं. बंदराला लागल्यावर त्याचा फोन आला. ह्यांनी उचलला, "व्हय, व्हय" केलं आणि माझ्या हाती दिला.

"माय, पुन्हा बर्फावर बोलावून राहिले. या खेपेला साऱ्या तुकडीचा प्रमुख म्हणून. तू न्हाई म्हण, मी जात न्हाई."

लहानपणी पाण्यात उडी मारायच्या आधी विचारायचं, तोच आवाज. जीव म्हणत होता, ये. तोंड म्हणालं, "जा. तुझ्याबिगर त्यांचं अडणार न्हाई, पर न्हाई गेलास तर तुझं अडंल."

फोन ठेवला. केवढं मोठं मन केलं आपण, असा मला तोरा चढला. शाबासकी घ्यायला ह्यांच्याकडं वळले, तर ते भिंतीला टेकून खालीच बसलेले. म्हणाले,

"तू न्हाई म्हणशील म्हणून तर फोन तुझ्याकडं दिला होता."