कावडीवरचे लाल मासे

लिंगायताच्या घरात मासे होते असं सांगितलं, की लोक आधी हसतात आणि मग विचारतात, "खायला का?" त्या काळी तर हे विचारणं रोजचंच होतं. रुद्राणीबाई माझ्या सासऱ्यांची, म्हणजे शंकरप्पांची, धाकटी बहीण. लग्नानंतर चौथ्या वर्षी नवरा पटकीनं गेला आणि बाई नांदेडला भावाच्या घरी आली ती कायमची. मी जावई म्हणून त्या घरात पाऊल ठेवलं तेव्हा तिनं पन्नाशी गाठली होती. ही हकीकत मला अर्धी तिनं सांगितली, अर्धी सासऱ्यांनी. दोघांचं सांगणं एकमेकांशी जुळत होतं, आणि त्या घरात असं फार वेळा घडत नसे.

नांदेडच्या घराला लागून निजाम सरकारचे एक मुन्सफ राहत. त्यांच्या बेगमनं हैदराबादेहून काचेच्या मर्तबानात सात लाल मासे आणले होते. बेगमला पडदा, रुद्राणीला वैधव्य. दोघींनाही पुढच्या दारानं जायचं कुठं नव्हतं, म्हणून परसातल्या भिंतीवरून बोलणं व्हायचं. एक दख्खनीत बोलायची, दुसरी मराठीत, आणि दोघींना सगळं कळायचं. वर्षभरात मुन्सफांची बदली झाली. निघायच्या आदल्या दिवशी बेगमनं मर्तबान भिंतीवरून खाली दिलं. म्हणाली, इतक्या दूर नेताना मरतील, तुझ्याकडे जगतील.

रुद्राणीनं ते परसातल्या हौदात सोडले. ज्वारीच्या पिठाच्या मुगाएवढ्या गोळ्या करून टाकायची. हाताची सावली पाण्यावर पडली की सातही जण एका कोपऱ्यात येऊन तोंड वर करायचे. त्या घरातली भांडी भावजयीची, दागिने भावजयीचे, हिशेब भावाचा. हौदातले सात जीव तेवढे तिचे. मोंढ्यातले, म्हणजे धान्यबाजारातले, व्यापारी सासऱ्यांना विचारत, "काय शंकरप्पा, गळ्यात लिंग अन् हौदात मासळी?" सासरे म्हणायचे, "मासळी बहिणीची हाय, लिंग माझं हाय." आणि पोती मोजायला लागायचे.

फसली तेराशे पंचेचाळीस साली, म्हणजे इंग्रजी छत्तीसला, सासऱ्यांनी नांदेडचं दुकान आवरलं. लातूरला रेल्वे आलेली, तिथला बाजार वाढून राहिला होता. तीन बैलगाड्या, पाच दिवसांची वाट, चैत्राचं ऊन. माशांचं काय करायचं हे कुणी विचारलंच नाही, कारण सगळ्यांनी ते गोदावरीत सोडायचे असंच धरून चाललं होतं. रुद्राणीनं पहिल्यांदा भावासमोर तोंड उघडलं. मासे सोबत येतील, म्हणाली. सासऱ्यांना तिच्या आवाजाचंच नवल वाटलं असावं. ते हो म्हणाले, पण अट घातली. न्यायचे तर घरच्या तांब्याच्या घागरीतून. मातीचं भांडं एकदा बाटलं की घासून शुद्ध होत नाही. तांबं होतं.

निघायला दोन दिवस होते. रुद्राणीनं मोठी घागर चिंच आणि राख लावून इतकी घासली, की त्यात तोंड दिसावं. माशांना स्वच्छ घर मिळावं एवढंच तिच्या मनात. सकाळी हौदाचं पाणी भरून आधी दोनच मासे सोडून पाहिले. दुपारी ते तळाशी जाऊन बसले. दिवस मावळायच्या आत दोघं कुशीवर तरंगत होते.

ती रडली नाही, असं सासरे सांगत. घागर उपडी केली आणि तशीच मागच्या दारानं नदीवर गेली. घाटावर ग्यानोबा भोई जाळं वाळत घालत होता. हा माणूस गोदावरीतली माशांची पिल्लं मडक्यात घालून पार कंधारच्या तळ्यापर्यंत जिवंत पोचवायचा, हे सगळ्या नांदेडला ठाऊक होतं. तिनं झालेलं सांगितलं.

"आक्का, तांबं माशाला इख हाय," तो म्हणाला. "अन् तुम्ही चिंचंनं घासलं. त्यानं तर त्याचं इख वर आलं."

मग त्यानं त्याचं शास्त्र सांगितलं. मडकं नवं चालत नाही, वर्षानुवर्षं पाण्यात मुरलेलं लागतं. दोन भाग पाणी, एक भाग हवा. तोंडाला झाकण नको, ओलं फडकं. बाहेरून भिजलेलं पोतं. आदल्या दिवशी खायला द्यायचं नाही. आणि गाडीत ठेवायचं नाही, कारण गाडी आदळते. कावड झुलते, झुलणाऱ्या पाण्यात मासा श्वास घेतो. कावड थांबली की पाणी मरतं. येतोस का, असं तिनं विचारल्यावर तो जाळ्याकडे बघत म्हणाला, "मासळी धराया लोक बोलवतेत. जगवाया पयल्यांदाच कुणी बोलावून राहिलंय."

मुरलेली मडकी म्हणजे ग्यानोबाच्याच घरची. हे ऐकून माझ्या सासूनं, गुरम्मानं, डोक्यावर पदर ओढला आणि नवऱ्याकडे पाहिलं. सासू दुष्ट नव्हती, हे मी आधीच सांगतो, नाहीतर मला आज भाकरी मिळायची नाही. नव्या गावात, नव्या मठाच्या लोकांत, भोयाच्या मडक्याचं पाणी घरात आणलं म्हणून बोभाटा होईल, याची तिला धास्ती होती. शेवटी सासऱ्यांनी तोड काढली. ग्यानोबानं कावड घेऊन गाड्यांच्या मागून चालायचं. रुद्राणीनं लांबून बघायचं, मडक्याला किंवा त्यातल्या पाण्याला हात लावायचा नाही. रुद्राणीनं शब्द दिला.

पहिला दिवस नीट गेला. ग्यानोबा झुंजुमुंजू व्हायच्या आत निघायचा, उन्हं चढली की सावली धरायचा. प्रत्येक मुक्कामाला विहिरीचं पाणी आधी स्वतः चाखायचा. खारट लागलं की थुंकून पुढं. गोडं मिळालं तर ते तासभर मडक्याशेजारी ठेवून त्याच्याएवढं गार होऊ द्यायचा आणि मग तिसरा हिस्सा बदलायचा. रुद्राणी गाडीत न बसता कावडीमागून चालत होती. सासरे म्हणाले, बस. ती म्हणाली, पाय मोकळे होतात.

दुसऱ्या दिवशी लोहा मागं टाकलं आणि ऊन असं पडलं की बैलांनी माना खाली घातल्या. एका आंब्याखाली मुक्काम झाला. जवळच्या विहिरीचं पाणी मचूळ निघालं, म्हणून ग्यानोबा कावड सावलीत टेकवून ओढ्याकडे पाणी शोधायला गेला. गुरम्मानं तीन दगड मांडून चूल पेटवली. रुद्राणी मडक्यांपासून चार हात लांब बसली होती. थोड्या वेळानं तिला फडक्याखालून बारीक आवाज ऐकू यायला लागला. पुक, पुक, पुक. पाचही मासे वर येऊन तोंडं उघडत होते.

तिनं ओढ्याकडे पाहिलं. ग्यानोबा दिसेना. आणखी थोडी थांबली. मग उठली, फडकी सोडली आणि कोपरापर्यंत हात पाण्यात घातला. ओंजळ भरायची, उंच उचलायची, वरून धार सोडायची. आधी एक मडकं, मग दुसरं, परत पहिलं.

भाकरी थापता थापता गुरम्माचं लक्ष गेलं.

"वन्सं, ह्यांना शब्द दिलता न्हं तुम्ही?"

"हाव, दिलता," रुद्राणी म्हणाली, आणि ओंजळ वर उचलली.

ग्यानोबा पाणी घेऊन परतेपर्यंत ती थांबली नाही. त्यानं आल्या आल्या सगळं ओळखलं. तो दुसऱ्या मडक्याशी बसला. दोघं तास-दीड तास असे समोरासमोर पाणी उचलत होते, आणि सगळी गाडीवान मंडळी बघत होती. त्या संध्याकाळपासून रुद्राणीला जेवण लांबून, पानावर वाढलं जाऊ लागलं. सासरे काहीच बोलले नाहीत. पुढं मला म्हणाले, "बोलायला पायजे होतं. काय बोलावं ते कळंना."

अहमदपूरला एक मासा गेला. उन्हानं की दगदगीनं, ग्यानोबालाही सांगता आलं नाही. रुद्राणीनं तो बाभळीखाली पुरला. बाकीचे चार पाचव्या दिवशी लातूरला जिवंत पोचले.

नव्या घरी परसात माशांसाठी सोडलेला हौद होता, पण त्यात भरलेलं विहिरीचं पाणी जड. ग्यानोबानं मासे लगेच सोडू दिले नाहीत. मडकी गळ्यापर्यंत हौदात बुडवून ठेवली आणि वाटीवाटीनं हौदाचं पाणी आत घालायला लावलं. सकाळपासून दुपार टळेपर्यंत रुद्राणी वाटी घेऊन बसली होती. आतबाहेर सामान चाललं होतं, तिला कुणी काही विचारत नव्हतं. मग मडकी हळूच कलती केली. चारही जण बाहेर आले, हौदाच्या भिंतीला धरून एक फेरी मारली आणि तळाशी गेले.

तेवढ्यात सासरे मठातून स्वामींना घेऊन आले. स्वामी भले माणूस. म्हणाले, फार काही नको. अंघोळ कर, विभूती लाव, तीर्थ घे, आणि चुकले एवढं म्हण. मग आजपासून स्वयंपाकघर तुझंच. घरातली सगळी माणसं उभी होती. ग्यानोबाही दाराबाहेर थांबला होता.

रुद्राणीनं अंघोळ केली, विभूती लावली, तीर्थ घेतलं. मग भावासमोर येऊन उभी राहिली.

"अण्णा, दोन जीव माझ्या हातानं तांब्यात मेले. त्याचं चुकले म्हणते. ह्या पाण्याचं न्हाई म्हणणार."

स्वामींनी सासऱ्यांकडे पाहिलं. सासऱ्यांनी जमिनीकडे. स्वयंपाकघराचं दार तिला बंद झालं.

मासे पिठाच्या गोळ्या खायला लागेपर्यंत ग्यानोबा दोन दिवस ओसरीबाहेर राहिला आणि मग कावड खांद्यावर टाकून परत गेला. त्याची पुढची बातमी कुणाला लागली नाही. रुद्राणीनं हौदाशेजारी पत्र्याच्या आडोशाला स्वतःची चूल मांडली. शिधा आतून यायचा, बोलणंही व्हायचं, सणाला पुरणपोळीही यायची. पण ती जेवायची तिथंच. गुरम्मानं दोनतीनदा आडून सुचवलं, एक शब्द तर आहे, म्हणून टाका. रुद्राणी हसायची आणि पिठाच्या गोळ्या वळायची.

दोन वर्षं अशी गेली. मग सासूबाई बाळंतपणाला माहेरी गेल्या. सगळ्यांना वाटलं, आता रुद्राणी आत येणार. ती आली नाही. सासऱ्यांनी चार दिवस मुरमुरे आणि गूळ खाऊन काढले. एवढा मोठा आडत्या, पण चुलीला काडी कशी लावतात हे त्यांना माहीत नव्हतं. पाचव्या दिवशी दुपारी ते स्वतःचा पाट बगलेत मारून परसात आले आणि हौदाजवळ मांडून बसले.

"काय हाय?"

"भाकर अन् अंबाडी." रुद्राणीनं तव्यावरची भाकरी उलटली. "अण्णा, मी अजून म्हटलं न्हाई."

"मी बी इचारलं न्हाई. वाढ."

तिनं वाढलं. तीन महिन्यांनी सासूबाई लेकीला, म्हणजे माझ्या बायकोला, घेऊन परत आल्या, तोवर सासऱ्यांचा पाट हौदाजवळ कायमचा मांडलेला होता.