लिंबाला न भिणारी कट्यार

परभणी जिल्ह्यात गंजाशी जन्माचं वैर धरलेला एकच माणूस आहे, आणि तो नेमका माझा मामेसासरा निघाला. लग्नानंतर पालमला बायकोच्या या मामांकडे पहिल्यांदा गेलो, तर त्यांनी ख्यालीखुशाली विचारायच्या आधी माझा तळवा उलटा करून पाहिला. म्हणाले, "जावईबापू, हात लय घामट हाय तुमचा. पात्याला लावू नका." एसटीच्या वर्कशॉपातून निवृत्त झाल्यावर मामा कट्यारी घडवू लागले. दोन जातींचं पोलाद एकत्र ठोकलं की पात्यावर पाण्यासारख्या लहरी उमटतात, त्यांना मामा जौहर म्हणतात. हे जौहर दिसायला देखणं आणि प्रकृतीनं भलतंच नाजूक. जरा ओल लागली की तांबडं पडतं. मामांनी आधी तेल लावून पाहिलं, मग मेण, मग मामींची नेलपॉलिश. मामींनी घर डोक्यावर घेतलं तेव्हा कुठे ते व्हार्निशवर आले. व्हार्निश पातळ बसलंय अशी शंका येईल तिथे सोनेरी रंगानं वेलीचं पान काढायचं. मामांना शंका फार, त्यामुळे वेलीही दाट.

आपल्याकडे नवरदेवाच्या हाती कट्यार देऊन टोकाला लिंबू खोचतात. ही चाल पाडणाऱ्याला मामांनी अजून माफ केलेलं नाही. कट्यार मागायला आलेल्याला ते नाही म्हणत नाहीत, पण वरातीत फडकं घेऊन स्वतः नवरदेवाच्या शेजारी चालतात. पोखर्णीच्या एका लग्नात ऐन मंगलाष्टकांत पात्यावर रस ओघळलेला दिसला आणि मामा थेट अंतरपाटापाशी घुसले. भटजी गप्प झाले. "तुमचं चालू द्या," मामा म्हणाले, "मी नुसतं पुसायलोय."

एक कट्यार मात्र त्यांनी कुणालाच दिली नाही. ती पुण्यात राहणाऱ्या त्यांच्या मुलाच्या लग्नासाठी होती. मामी गेल्या, घर रिकामं झालं, तरी दर लग्नसराईआधी तिच्यावर व्हार्निशचा नवा हात चढायचा.

गेल्या वैशाखात मुलाचा फोन आला. त्यानं कोर्टात लग्न केलं होतं, आठवडा उलटला होता. मी समजूत घालायला गेलो, तर मामा त्याच कट्यारीचं जुनं व्हार्निश खरवडत बसलेले.

"आता कशाला, मामा?"

"गंज काय पत्रिका बघून येतो का?"

दोघंही हसलो. मग खाली मान घालूनच ते म्हणाले, "एकदा इचारायचं तरी व्हतं. मी कोर्टात बी आलो असतो. भाईर हुबा राहिलो असतो." मला फार वाईट वाटलं.

त्यांनी व्हार्निशचा हात दिला. "वाळंपर्यंत बसा," म्हणाले. पंख्याखाली पातं वाळलं. मी गाडीसाठी उठलो, तसा त्यांनी डबा पुन्हा उघडला.

"आजून एक हात देतो. बसा की."

मी बसलो. त्या पात्यावरचे सगळेच हात काही गंजासाठी नव्हते, हे मला तेव्हा कळलं.