निळा डबा, काळा डबा आणि मामांचा पेला

आमच्या लातूरच्या घराला आजवर भूकंपाचे दोन धक्के बसले. पहिला मी दिला. दुसरा मी दिलेला नाही, पण तोही माझ्याच नावावर आहे.

मी कोचिंग क्लासमध्ये रसायनशास्त्र शिकवतो आणि हौस म्हणून इलेक्ट्रिक गिटार वाजवतो. (दोन्ही ऐकून लोक डुलतात, वर्गात जरा जास्त.) या हौसेचा सुगावा आमच्या संचालकांना लागला आणि त्यांनी प्रवेशाच्या जाहिरातीसाठी गाणं करून मागितलं. झालं! खरा मोठा अँप, म्हणजे गिटारचा आवाज वाढवणारा स्पीकर, आमच्या गल्लीत वाजवायची सोय नाही. इथं घरोघरी वरच्या मजल्यावर उद्याचे डॉक्टर भाड्यानं राहतात. मोठ्यानं शिंकलं तरी कुणाचा तरी एक मार्क जातो! म्हणून माझ्याकडे एक निळा डबा होता. वीतभर लांबीचा, पण भल्याभल्या अँपच्या आवाजाची हुबेहूब नक्कल करणारा. तेवढ्यावर भागलं असतं तर मी कसला? नांदेडच्या सलीमभाईंकडे आजोबांपासून लाउडस्पीकरचा धंदा. त्यांच्याकडून तसाच एक काळा डबा मागून आणला. दोन्हींतला सरस कोणता हे कळल्याशिवाय गाणं पुरं करायचं नाही, असं मी जाहीर केलं. "हे शेवटी रिक्षाच्या भोंग्यावरच वाजणार ना?" असं माझ्या बायकोनं, सुनंदानं, विचारलं. कलेतलं कळत नसलं की माणसं असं बोलतात.

त्याच दिवसांत माझे सासरे, म्हणजे मामा, मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडे आले. मामा औशाकडचे. त्र्याण्णवच्या त्या मोठ्या भूकंपात त्यांचं माळवदाचं, जड मातीच्या छताचं, घर बसलं, तेव्हापासून त्यांना डोक्यावर पत्र्यापेक्षा जड काही सोसत नाही. शेतातल्या शेडमध्येच राहणं. लेकीकडे आले तरी संध्याकाळच्या एसटीनं माघारी. पण यावेळी डॉक्टरांनी बजावलं, डोळ्यात धूळ गेली तर डोळा गमावाल. आणि शेडमध्ये तर धुळीचंच राज्य! सुनंदानं रडून, रागावून, गळ्याची शपथ घालून त्यांना आमच्या स्लॅबखाली राहायला राजी केलं. ते राहिले, पण दाराजवळच्या बाजेवर. पिशवी भरलेली, उशाशी तांब्या, तांब्यावर पेला, पेल्यात चमचे. पेला वाजला की पळायचं, हा त्यांचा इतक्या वर्षांचा नियम. सुनंदानं मला हात जोडून सांगितलं की बाबा इथून उठून जातील असं काही करू नका. मी म्हटलं, मी काय करणार?

इकडे माझी परीक्षा सुरू होती. हेडफोन लावून नुसती गिटार ऐकली की निळा डबा आभाळ गडगडावं तसा वाजायचा. काळा त्याच्यापुढे एकादशी केल्यासारखा! मी निकाल लावूनच टाकला होता. पण सलीमभाई फोनवर म्हणाले, "सर, एकटा असला की समदेच पैलवान. ढोलकीसंगं बसवून ऐका, मग बोला."

बसवलं. तर निळ्यानं ढोलकी गिळली, बेस गिळला, गाणाऱ्या मुलीचे शब्दसुद्धा गिळले. निळा मला प्रिय, म्हणून दोष मी हेडफोनला दिला. मोठ्या स्पीकरवरच ऐकू, असा मी हट्ट धरला. सलीमभाई भले माणूस. टेम्पोत घालून बेसचा डबा घेऊन आले, वरातीत काळजात धडधडतो ना, तो. मैदानातलं सामान आहे, घरात जपून, असं त्यांनी दोनदा सांगितलं. मी तो मागच्या खोलीत भिंतीला टेकवून ठेवला. भिंतीच्या पलीकडे मामांची बाज होती, हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

भर दुपारी आधी काळा डबा लावला. गाणं स्वच्छ वाजलं, प्रत्येक शब्द कळला. सलीमभाईंनी मान डोलावली. मग निळा लावला आणि गिटारची जाड तार घुमली. अहाहा! मी आवाज वाढवला. सलीमभाई हातानं काहीतरी खुणावत होते, ते मला दाद वाटली. मी आणखी वाढवला.

भिंतीपलीकडे काय चाललं होतं ते मला नंतर कळलं. आधी मांडणीवरच्या वाट्या बोलायला लागल्या, मग ताटं, आणि मग पेला चमच्यांसकट थयथय नाचला! मामा डोळ्याच्या हिरव्या पट्टीसकट उठले, "नंदे, भाईर!" म्हणून ओरडले आणि लेकीला ओढत रस्त्यावर आले. वरची पोरं पुस्तकं घेऊन धडाधड खाली. आणि लातुरात एक घर पळालं की शेजारचं घर कारण विचारत बसत नाही. सगळी गल्ली बाहेर!

मी निकाल सांगायला विजयी मुद्रेनं बाहेर आलो, तर पुढची खोली रिकामी, दार सताड उघडं आणि समोर सगळा गाव उभा. "सर वाचले!" म्हणत शेजारच्या देशमुखांनी मला मिठी मारली. धक्का जोराचा होता ना, असं त्यांनी विचारलं. खरं बोलायची हीच वेळ होती. मी म्हटलं, "हो, बऱ्यापैकी."

तेवढ्यात आत, मी पुन्हा पुन्हा वाजायला लावून ठेवलेलं गाणं परत पहिल्यापासून सुरू झालं. रस्ता हलला, आणि जमिनीच्या पोटातून आवाज आला, "प्रवेश सुरू आहेत!"

सुनंदानं माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेचं वर्णन करण्याइतका मी धीट नाही.

गल्ली हसली, शिव्या दिल्या आणि घरी गेली. पण मामा गेले नाहीत. पिशवी मांडीवर घेऊन कट्ट्यावर बसले, धुळीत, एसटीची वेळ विचारत. सुनंदा पदरानं त्यांचा डोळा झाकत होती आणि स्वतः रडत होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी मामांपुढे जाऊन उभा राहिलो आणि माफी मागितली.

मामांनी उरलेल्या डोळ्यानं मला न्याहाळलं. "म्हंजे, ते तुमी हालवलं व्हय, पाव्हणं?"

"हो, मामा."

"मग थांबवता बी तुमालाच येतंय?"

"येतं की. बटण आहे."

"दावा."

त्यांना हाताला धरून आत नेलं आणि त्यांची बोटं आवाजाच्या बटणावर ठेवली. त्यांनी बटण फिरवलं, तिकडे पेला नाचला. उलटं फिरवलं, पेला गप्प. पुन्हा फिरवलं, पुन्हा गप्प केला. किती वेळ ते तेच करत राहिले. ज्या माणसाला न विचारता जमीन हलली होती, त्याला ती थांबवायचं बटण सापडलं होतं! मामा हसायला लागले, आणि सुनंदाही रडता रडता हसली. मग त्यांनी काळा डबा लावायला सांगितला. पेला हललाच नाही. "ह्यो शाना हाय," मामा म्हणाले, "ह्योच रिक्षात लावा." सलीमभाई माझ्याकडे न बघता वायरी गुंडाळू लागले. मामांनी पिशवी रिकामी केली, आणि माझा जीव भांड्यात पडला.

डोळा छान सुधारला. आणि मामा जायच्या आधी एका सकाळी पेला पुन्हा वाजला. दोन्ही डबे बंद होते! हे लक्षात आलं तेव्हा मी रस्त्यावर होतो, अनवाणी, गल्लीत सगळ्यांच्या आधी, निळा डबा छातीशी धरून. मागून सुनंदा आली, गॅस बंद करून, आणि म्हणाली, "बाबा कुठायत?"

मी दारातून जीव खाऊन हाका मारल्या. मामा बाजेवर निवांत पडले होते. आतून आवाज आला, "लई झालं पाव्हणं, बारीक करा जरा!"

नेमकी तेव्हाच जमीन थांबली. धक्का किरकोळ होता. भिंतीला तडासुद्धा गेला नाही.

"हां," मामा समाधानानं म्हणाले आणि कूस बदलली. "असं ऐकत जावा."