बाईंची समिती

खुर्ची पुढे केली, की बाई ती एका हाताने बाजूला सारत आणि म्हणत, "बसत न्हाय मी. बोला." मग तासभर उभ्यानेच बोलत. बोलताना एक पाय चपलेतून बाहेर यायचा, पुन्हा आत जायचा. छत्री या काखेतून त्या काखेत. समोरच्याला आपण बसल्याचीच लाज वाटायची आणि तोही उठायचा. रस्त्यावरून जाणाऱ्याला वाटे, माझ्या दुकानात भांडण लागलंय.

बारामतीत एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत माझी टायपिंगची संस्था होती. नव्वदीनंतर टाइपरायटर एकेक करून कोपऱ्यात गेले, दोन संगणक आले आणि मी लग्नपत्रिका, हँडबिलं करू लागलो. त्या वेळी मराठी टाइप करायचा प्रोग्राम विकत घेतला, तर सोबत संगणकाच्या पाठीमागे खोचायचं एक कुलूप यायचं. त्याशिवाय प्रोग्राम चालत नसे; ते बिघडलं की आपण हात बांधून बसायचं. बाई इंदापूरला कॉलेजात गणित शिकवत. त्यांना कुणी मॅडम म्हटलेलं खपत नसे, म्हणून सगळे बाईच म्हणत. एके दिवशी त्या आल्या आणि त्यांनी टेबलावर एक फ्लॉपी ठेवली. मराठी टाइप करायचा प्रोग्राम त्यांनी स्वतःच लिहिला होता.

"याचं काय द्यायचं, बाई?"

"काय न्हाय. तो कसा लिहिलाय, तेबी आत हाय. वाचा, बदला, दुसऱ्याला द्या. फक्त बदललं तर सगळ्यांना कळवा, मास्तर."

तुम्हाला आज यात नवल वाटणार नाही. तेव्हा मला वाटलं, बाई भोळ्या आहेत.

प्रोग्राम पसरला. इंदापूर, भिगवण, वालचंदनगर, मोरगाव. एसटीच्या ड्रायव्हरच्या हाती पाकिटातून फ्लॉप्या जाऊ-येऊ लागल्या. ज्याला थोडंफार कळत होतं, त्याने आपल्या सोयीने बदल केले. कळवायचं मात्र कुणी मनावर घेतलं नाही.

कोऱ्हाळे बुद्रुकला बबनरावांचा कॉम्प्युटर क्लास होता. घरचा ऊस, भाऊबंद सगळे कारखान्याचे सभासद, स्वतः बबनराव बोलण्यात वाकबगार. गावच्या कुस्त्यांचं हँडबिल त्यांनी आपल्याकडे टाइप केलं आणि छापायला फ्लॉपी माझ्याकडे पाठवली. त्यांनी वाचलेलं आहे म्हणून मी पुन्हा वाचलं नाही. दुसऱ्या दिवशी सगळ्या पंचक्रोशीच्या भिंतींवर झळकलं, 'कोक्षाळे बुद्रुक येथे भव्य कुस्त्या'.

बबनराव मोटरसायकल बंद न करताच आत ओरडले, "मास्तर, गावाचं नाव बदललं तुमी!"

दोष कुणा एकाचा नव्हता. संगणकाच्या पोटात प्रत्येक अक्षराला एक क्रमांक असतो. बबनरावांनी जो क्रमांक 'ऱ्ह'ला दिला होता, तोच मी 'क्ष'ला दिलेला. वालचंदनगरच्या कॉलनीत राहणारे दीक्षित नावाचे इंजिनिअर होते, त्यांनी तर साऱ्या मात्राच हलवल्या होत्या. पुढच्या रविवारी आम्ही सगळे माझ्या दुकानात जमलो आणि एकमुखाने म्हणालो, "बाई, प्रोग्राम तुमचा. काय ते तुमीच ठरवा."

"मी ठरवणार न्हाय," बाई म्हणाल्या. "आज नीट ठरवीन. उद्या माझं डोकं फिरलं, तर कुणाकडं जाल?"

दाराशी जाऊन त्या परत आल्या. "माझ्या वडलांनी धम्म घेतला, तवा वस्तीत विहार बांधायचा होता. काम कुणी बघायचं, यावर मत घेतलं. वडील पडले. दुसऱ्या दिवशी पाया खणायला पयले तेच गेले. आपण समिती निवडायची. पाच जणांची, एका वर्षासाठी. बदल कुठला घ्यायचा, कुठला न्हाय, ते समिती ठरवील. मीबी उभी राहीन. पडले तर पडले."

बबनरावांचा चेहरा खुलला. "चिन्ह कोणतं घेणार, बाई? कपबशी घ्या, लोकांच्या ध्यानात राहते."

"हितं चिन्ह न्हाय, बबनराव. जेवणबी न्हाय."

"मग मतदान होणार कसं?" त्यांनी अगदी मनापासून विचारलं.

मतदान झालं. फ्लॉप्यांच्या रिकाम्या खोक्यात चिठ्ठ्या पडल्या. बाई, दीक्षित, बबनराव, भिगवणचे एक प्रेसवाले आणि मी असे निवडून आलो. आमचा पहिलाच निर्णय अक्षरांच्या क्रमांकांचा. सगळ्यांनी एकच क्रम पाळायचा, स्वतःचा सोडायचा. दीक्षित आठवडाभर रुसले होते. पण त्यांनी मात्रा जागच्या जागी आणून ठेवल्या.

खरा पेच पुढे आला. बाईंच्या प्रोग्राममध्ये कीबोर्डवरच्या कळांची मांडणी बाराखडीच्या क्रमाने होती. क, ख, ग, घ एका ओळीत. ज्याला बाराखडी येते, त्याला टाइप करता येतं. मी टाइपरायटरची मांडणी त्यात घातली होती. दोन्ही सांभाळायच्या, तर प्रत्येक बदल दोनदा तपासावा लागे आणि तेवढी माणसं आमच्यात नव्हती. एक सोडायची होती.

त्या रविवारी बाई आईला घेऊन आल्या. आई प्रौढपणी लिहायला शिकलेली, हातावर गोंदण, डोक्यावर पदर. कळांवर कागदाची अक्षरं चिकटवलेली होती. म्हातारीने एकेक बोट ठेवत, ओठ हलवत, आपलं नाव टाइप केलं. पडद्याकडे बघून हळूच म्हणाली, "ह्ये मीच व्हय गं?"

तरी मत माझं होतं तसंच राहिलं. माझ्याकडे टायपिंगची परीक्षा पास झालेल्या मुली होत्या. त्यांची बोटं टाइपरायटरवर घडली होती आणि त्यांची घरं त्या बोटांवर चालत. त्यांना पुन्हा पहिल्यापासून सुरू करा म्हणणं मला पटत नव्हतं. बबनराव, प्रेसवाले आणि मी एका बाजूला. बाई आणि दीक्षित दुसऱ्या. बाई हरल्या. ते मत मला आजही चुकीचं वाटत नाही. पण हात वर करताना मी म्हातारीकडे बघितलं नाही, हेही तितकंच खरं.

बाई माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता चिडणार.

"का, मास्तर? सगळं सांगा."

मी सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही तोंड घातलं नाही. शेवटी म्हणाल्या, "मुलींचं माझ्या ध्यानात आलं नव्हतं." आईचा हात धरून त्या निघाल्या.

दीक्षित त्यांच्या मागे स्टँडपर्यंत गेले, मीही गेलो. "बाई, हे काय ऐकून घेता? प्रोग्राम तुम्ही लिहिलाय. तुमची मांडणी घेऊन वेगळ्या व्हा. निम्मे लोक तुमच्याबरोबर येतील."

"निम्मे येतील, म्हणूनच नको," बाई म्हणाल्या. "परत कोऱ्हाळ्याचं कोक्षाळे करायचं हाय का?"

त्या महिन्यात बाराखडीची मांडणी प्रोग्राममधून काढायचं काम होतं. ते कुणी करायचं, असा विषय निघायच्या आधीच इंदापूरहून फ्लॉपी आली. बाईंनी ती मांडणी स्वतःच काढली होती, आणि इतकी नीट, की कुठे काही सांडलं नव्हतं. पाकिटात नुसती फ्लॉपी.

पुढच्या निवडणुकीत बबनरावांनी पॅनेल टाकलं. भगिनी, बंधू, मित्र अशा हाका मारत ते दुकानदुकान फिरले. ते अध्यक्ष झाले, मी पुन्हा निवडून आलो, बाई पडल्या. मला वाईट वाटलं. बाई मात्र हसायला लागल्या. "पॅनेल टाकलं म्हंजे समितीला किंमत आली, मास्तर." पण हसताना त्यांचा पाय चपलेत सारखा आत-बाहेर होत होता, हे मी पाहिलं. रात्रंदिवस वाढवलेल्या कामात आता त्यांना मतही नव्हतं.

तरी त्या बैठकीला येत. दाराशी उभ्या राहत आणि प्रोग्राममधल्या चुका दाखवून देत. बाकीचा वेळ फिरत. कॉलेज सुटलं, की मिळेल ती एसटी धरत. आज बावडा, उद्या सुपे, परवा मोरगाव. कुठे जाता म्हणून विचारलं, तर "हितंच" एवढंच उत्तर.

त्या काय करत होत्या, ते वर्षअखेरीच्या बैठकीत कळलं. बाईंसोबत दोन माणसं आली. मोरगावच्या शाळेतले एक शिक्षक आणि इंदापूरची एक परिचारिका. दोघांनी आळीपाळीने सांगितलं, की बाराखडीची मांडणी परत घ्या. प्रत्येक बदल तिच्यावर तपासायचं काम आम्ही करू. ते कसं करायचं, हे बाईंनी त्यांना घरी जाऊन शिकवलं होतं.

"माणसं न्हाईत, असं ठरलं होतं," बाई म्हणाल्या. "माणसं आणलीत. आता मत घ्या. मला मत न्हाय, मी गप बसते."

बबनराव अध्यक्ष होते. त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली. "टाइपरायटरची मांडणी जाग्यावर राहणार ना?"

"राहणार. मुलींना धक्का न्हाय."

पहिला हात बबनरावांचा वर गेला. मग माझा. मग सगळ्यांचे. आम्हाला वाटलं, बाई दोन शब्द बोलतील. पण त्यांनी त्या शिक्षकांना विचारलं, "सोमवारी सुरू करता का?" आणि घड्याळ बघत त्या निघाल्यासुद्धा.

त्याच उन्हाळ्यात त्यांची लातूरला बदली झाली. निरोप समारंभाचं नाव काढलं तर रागावल्या. मी आणि बबनराव इंदापूरच्या स्टँडवर गेलो. गाडीत खिडकीशी बाई, पलीकडे मांडीवर गाठोडं घेतलेली आई. बबनरावांनी घरच्या गुळाची ढेप आत दिली. म्हातारीने ती दोन्ही हातांनी घेतली.

"आमी काय चुकलो असलो तर—" बबनराव सुरू झाले.

"ते राहू द्या," बाई खिडकीतून बाहेर वाकल्या. "जोडाक्षरात एक घोळ राहिलाय, काल रात्री सापडला. नीट ऐका."

त्या सांगू लागल्या आणि गाडी सुरू झाली. आम्ही खिडकीबरोबर चालू लागलो, मग पळू लागलो. इंजिनाच्या घरघरीत शब्द कळेनात. ते ध्यानात येताच बाईंनी हात बाहेर काढला आणि बोटाने हवेत ते अक्षर काढून दाखवलं. एकदा, पुन्हा एकदा, अगदी सावकाश, फळ्यावर काढावं तसं.

गाडी सोलापूर रोडच्या वळणाशी पोचली, तरी तो हात दिसत होता.

"कळलं का वो, मास्तर?" धापा टाकत बबनरावांनी विचारलं.

मला काहीच कळलं नव्हतं. पण खिडकीतून त्या अजून बघत होत्या, म्हणून मी जोरजोरात मान हलवत राहिलो.